रिंगरचं जुनं वॉशिंग मशीन: निवडण्यापासून पहिल्या धुण्यापर्यंत

जुनी यंत्रं जमवणाऱ्यांत रेडिओवाले पुष्कळ, कॅमेरेवाले त्याहून जास्त. रिंगरच्या, म्हणजे ओले कपडे दोन रोलरांमधून दाबून पिळणारी जोडणी वर असलेल्या, वॉशिंग मशीनच्या वाटेला मात्र थोडेच जातात, आणि कारण साधं आहे: ही मशीन्स कपाटात मावत नाहीत आणि एकट्याला उचलवत नाहीत. पण जागा असेल आणि हात तेलकट करायची तयारी असेल, तर हा छंद भरपूर देतो. यात सेन्सर नाही, सर्किट बोर्ड नाही. मोटर, पट्टा, गिअर, टब आणि दोन रबरी रोलर, एवढाच सगळा संसार. बिघाड झाला तर तो बहुधा डोळ्यांना दिसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही मशीन्स नुसती मांडून ठेवायला घेऊ नयेत, चालवायला घ्यावीत. आणि चालवायचीच असतील तर टबाची चमक आणि रंग नंतर, आधी रिंगर बघावा. मशीनची किंमतही तिथेच ठरते आणि धोकाही तिथेच असतो.

यंत्र चालतं कसं

टबाखाली मोटर असते. तिच्यावरून पट्टा गिअरबॉक्सकडे जातो. गिअरबॉक्स मोटरच्या गोल फिरण्याचा हेलकावा करतो, आणि टबाच्या मधोमध उभा असलेला ॲजिटेटर, म्हणजे कपडे घुसळणारा भाग, डावीउजवीकडे झुलू लागतो. त्याच गिअरबॉक्समधून एक उभा दांडा कडेच्या खांबातून वर जातो आणि रिंगरचे रोलर फिरवतो. त्यामुळे टबात एक खेप धुतली जात असतानाच आधीची खेप पिळता येते. रिंगर खांबाभोवती वळतो आणि ठरावीक जागी खिटी बसून थांबतो, म्हणून तो धुण्याच्या टबावरून खळबळण्याच्या टबावर नेता येतो. रोलर सुलटे, बंद किंवा उलटे करायला एक लिव्हर असतो, ॲजिटेटरसाठी वेगळी मूठ. टायमर बहुतेकांत नसतो. घड्याळ तुमचं तुम्हीच बघायचं.

1937 साली बेंडिक्स या अमेरिकन कंपनीने घरगुती ऑटोमॅटिक मशीन बाजारात आणलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रिंगरचा काळ उतरणीला लागला. तरी तो संपायला बराच वेळ गेला. जिथे पाणी मोजून वापरावं लागे, तिथे एकाच साबणपाण्यात तीन-चार खेपा काढणारं यंत्र सोडायला लोक तयार नव्हते. अमेरिकेतल्या आमिश या सार्वजनिक वीज टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांत ही मशीन्स आजही धुण्याच्या दिवशी चालतात, विजेऐवजी पेट्रोल इंजिनावर किंवा दाबाच्या हवेवर.

पहिलं मशीन कोणतं घ्यावं

सर्वांत सामान्य घ्या. दुर्मीळ मशीनचा मोह पहिल्यांदा आवरावा, कारण त्याचा एक गिअर तुटला की सगळं मशीन शोभेचं होऊन बसतं.

मेटॅग हे नाव सगळ्यात जास्त भेटेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन या गावी 1893 साली शेतीची अवजारं बनवायला सुरू झालेली ही कंपनी 1907 साली धुण्याच्या यंत्रांकडे वळली. 1922 साली तिने 'जायराफोम' काढलं. त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांत कपडे पकडून फिरवणारी यंत्रणा झाकणाला वरून लटकलेली असे. जायराफोममध्ये ॲजिटेटर टबाच्या तळाशी आला, आणि कपडे ओढण्याऐवजी पाणीच कपड्यांतून जोराने ढकललं जाऊ लागलं. पुढची बहुतेक मशीन्स त्याच वाटेने गेली.

नवख्याने मेटॅगची तीन अक्षरं लक्षात ठेवावीत. मॉडेल ई म्हणजे चौकोनी, ओतीव ॲल्युमिनियमचा टब. मॉडेल जे म्हणजे चौकोनीच, पण इनॅमलचा. मॉडेल एन गोल, इनॅमलचा. कंपनीने रिंगर मशीन्स थेट 1983 पर्यंत बनवली, त्यामुळे सुटे भाग आणि माहितीपुस्तकं या तिघांसाठी सगळ्यांत सहज मिळतात. चौकोनी टबात पाण्याला कोपऱ्यांवर आपटून परत यावं लागतं आणि धुणं जोरकस होतं. माझी पसंती ईला: तो टब गंजत नाही.

बाकीच्यांपैकी विस्कॉन्सिनमधल्या रिपनची स्पीड क्वीन ही भरवशाची दुसरी निवड. आयोवातल्या फेअरफील्डच्या डेक्स्टरची दोन टबांची मशीन्स बघायला देखणी, पण जागा दुप्पट खातात. सिरॅक्यूजच्या ईझीची सुरुवातीची मशीन्स तांब्याच्या टबाची होती आणि त्यांत ॲजिटेटरऐवजी वरखाली होणारे पोकळ कप असत. अशी मशीन्स दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीसाठी राखून ठेवा. कॅनडात ओंटारिओमधल्या फर्गसची बीटी भेटते.

जागा कमी असेल तर ब्रिटनमधलं हूव्हरचं छोटं मशीन शोधा. 1948 मध्ये मर्थर टिडफिलच्या कारखान्यातून ते निघू लागलं. यात ॲजिटेटर नाही, टबाच्या भिंतीत बसवलेली फिरती चकती पाणी घुसळते, आणि रिंगर हाताने फिरवायचा असतो. हाताने फिरणारा रिंगर शिकायला उत्तम, कारण तुम्ही थांबलात की तोही थांबतो.

पेट्रोल इंजिनावरच्या मशीन्सबद्दल दोन शब्द. अमेरिकेतल्या शेतघरांत वीज पोचली नव्हती तेव्हा मेटॅगने 'मल्टी-मोटर' नावाचं छोटं दोन-स्ट्रोक इंजिन टबाखाली बसवलं. पायाने किक मारून ते सुरू करत. जुन्या इंजिनांचे शौकीन ही इंजिनं मशीनमधून काढून वेगळी जमवतात, त्यामुळे इंजिन गेलेली मशीन्स पुष्कळ आणि मशीन नसलेली इंजिनंही पुष्कळ. दोन्ही एकत्र, मूळ अवस्थेत मिळालं तर जपा. पण ते घरात चालवू नका. त्या काळी धुराची नळी खिडकीतून बाहेर सोडून हे इंजिन स्वयंपाकघरातही चालवत. आज तसं करायचं काहीच कारण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बघायला गेल्यावर काय तपासायचं

विकणारा म्हणेल, "लावून बघा ना, चालतंय." लगेच प्लग लावू नका. आधी बंद मशीन या क्रमाने बघा.

पहिले रोलर. नख दाबून बघा. रबर किंचित दबून परत आलं तर ठीक. काचेसारखं कडक झालं असेल, भेगा असतील किंवा बोटाला चिकट लागत असेल, तर रोलर बदलावे लागणार. रोलर एकमेकांवर दाबून ठेवलेल्या अवस्थेत मशीन वर्षानुवर्षं पडून असेल तर रबराला सपाट पट्टा पडतो. तो आपोआप भरून येत नाही.

दुसरी सुटका-पट्टी. प्रत्येक चांगल्या पॉवर रिंगरवर एक दांडा, पट्टी किंवा बटण असतं. ते दाबलं किंवा ओढलं की वरच्या रोलरवरचा दाब एका झटक्यात सुटतो. ते जाम असेल, तुटलेलं असेल किंवा कोणीतरी तारेने बांधून ठेवलं असेल, तर ते मशीन दुरुस्तीपूर्वी चालवायचं नाही. काही फार जुन्या रिंगरांवर अशी सोयच नाही. ती बघण्याजोगी, वापरण्याजोगी नव्हेत.

तिसरं रिंगरचं डोकं. रोलर धरणारी चौकट आणि आतले गिअर काही मशीन्समध्ये स्वस्त जस्तमिश्रित ओतकामाचे आहेत. हा धातू वयाबरोबर फुगतो, बारीक भेगा पाडतो आणि एक दिवस बिस्किटासारखा तुटतो. टॉर्च लावून नीट बघा. रिंगरवर मशीनच्या नावापेक्षा वेगळं नाव दिसलं तर बिचकू नका. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरातली लव्हेल कंपनी अनेक ब्रँडांसाठी रिंगर बनवत असे. उलट हे बरंच, कारण एका ब्रँडच्या रिंगरचा भाग दुसऱ्याला लागू पडण्याची शक्यता वाढते.

चौथा गिअरबॉक्स. पट्ट्याची चाकी हाताने फिरवा. ॲजिटेटरची मूठ चालू स्थितीत ठेवल्यावर तो हलायला हवा, आणि कुठे दात अडकल्याचा खडखडाट नको. मशीनखाली थोडं तेल गळलेलं असणं ही मोठी तक्रार नाही. तेल दुधासारखं पांढरट झालं असेल तर मात्र टबातलं पाणी सील ओलांडून आत शिरलंय असं समजा.

टब शेवटी बघितला तरी चालेल. इनॅमलचा एखादा टवका चालतो. आरपार गंजाचं भोक नाही. बाहेरचा मूळ रंग फिका पडला असला तरी तो घासून नवा देण्याची घाई करू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि मूळ रंगाचं मशीन जमवणाऱ्यांना जास्त मोलाचं वाटतं.

घरी आणताना मशीन उभंच आणा, आडवं केलं तर गिअरबॉक्सचं तेल बाहेर येतं. रिंगरला धरून उचलू नका. जमत असेल तर रिंगर काढून वेगळा न्या.

वीज

पाणी, ओले हात, लोखंडी चौकट आणि अर्धशतकापूर्वीची वायर. यात तडजोड नाही. मूळ दोन पिनांची वायर काढून तीन तारांची नवी घाला, अर्थिंगची तार मोटरच्या आवरणाला आणि चौकटीला पक्की जोडा, आणि मशीन फक्त गळती-प्रवाह तोडणारा ब्रेकर असलेल्या जोडणीवर चालवा. आतल्या वायरींचं रबर हात लावताच भुगा होत असेल तर त्याही बदला. हे काम येत नसेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

अमेरिकन मशीनची मोटर साधारण 115 व्होल्ट, 60 हर्ट्झची आणि मिनिटाला 1725 फेऱ्यांची असते. तुमच्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असेल तर नुसता ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मोटर सहाव्या हिश्श्याने हळू चालते आणि जास्त तापते. शिवाय सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते, त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मर तिथेच मान टाकतो. त्यापेक्षा स्थानिक विजेची, तेवढ्याच ताकदीची मोटर बसवा. बहुतेक मशीन्सना पाव ते तृतीयांश हॉर्सपॉवर पुरते. नवी मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या आसपासची असेल, म्हणून तिच्यावरची चाकी मूळ चाकीपेक्षा पाचव्या हिश्श्याने मोठी घ्या, म्हणजे ॲजिटेटरचा वेग मूळ पदावर येतो. फिरण्याची दिशाही आधी जुळवून घ्या. जुनी मोटर फेकू नका, चिठ्ठी बांधून ठेवा. पुढच्या मालकाला ती हवी असेल.

गिअरबॉक्स, ॲजिटेटर, रोलर

गिअरबॉक्स उघडायची हौस आवरा. आवाज ठीक असेल, तेल स्वच्छ असेल तर फक्त पातळी बघा आणि कमी असेल तर माहितीपुस्तकात सांगितलेलंच तेल भरा. हाताला येईल ते इंजिन ऑइल ओतणं ही जुन्या मशीनवरची जुलूमजबरदस्ती आहे.

ॲजिटेटर दांड्यावरून वर उचलून काढता यायला हवा, पण पडून राहिलेल्या मशीनमध्ये तो हमखास अडकलेला असतो. साबणाचा थर, पाण्यातले क्षार आणि दोन वेगळ्या धातूंचा सहवास, यांनी तो जणू जोडला जातो. खालून पहारीने उचकटलात तर ॲजिटेटर फुटेल किंवा टबाचा तळ वाकेल. टबात ॲजिटेटर बुडेल इतकं कडकडीत पाणी भरा, तासभर राहू द्या, मग दोन्ही हातांनी सरळ वर ओढा. नाही निघाला तर पुन्हा पाणी, पुन्हा ओढणं. गंज सैल करणारं तेल वरच्या टोकातून सोडून रात्रभर ठेवल्यावरही पुष्कळदा काम होतं. निघाला की दांडा स्वच्छ करून पाण्याने धुतलं न जाणारं ग्रीस लावा, आणि पुढे प्रत्येक धुण्यानंतर ॲजिटेटर काढून ठेवायची सवय लावा. मग तो पुन्हा अडकणार नाही.

रोलर खराब असतील तर तयार जोडी शोधा. नाही मिळाली तर औद्योगिक रोलरांवर नवं रबर चढवणारे लोक असतात. त्यांना जुना रोलर नमुना म्हणून द्या आणि रबर मऊ हवं असं स्पष्ट सांगा. कारखान्यातल्या रोलरांचं कडक रबर बटणं फोडतं.

रिंगरशी ओळख

हा भाग घाईत वाचू नका. 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून वैद्यकीय नियतकालिकांत 'रिंगर आर्म' हे दुखापतीचं नावच रुळत गेलं, आणि त्यातले बहुतेक रुग्ण लहान मुलं होती. कपड्याबरोबर बोटं आत जातात, मागोमाग हात. कोपराशी किंवा काखेशी हात अडतो, पण रोलर फिरतच राहतात, आणि एकाच जागी घासून कातडी सोलतात, आतल्या मांसाला चेपतात. वरून फार दिसलं नाही तरी आतली इजा मोठी असू शकते, म्हणून हात अडकला असेल तर दवाखाना गाठायचाच.

टबात पाणी भरण्याआधी कोरड्या मशीनवर सराव करा. रोलर चालू करा, एक जुना टॉवेल अर्धा आत जाऊ द्या आणि सुटका-पट्टीवर हात मारा. दाब सुटला पाहिजे आणि टॉवेल ओढल्यावर सहज बाहेर आला पाहिजे. डाव्या हाताने, उजव्या हाताने, न बघता, असं हे पुन्हा पुन्हा करा. क्रम डोक्यात पक्का बसवा: आधी सुटका, मग मोटर बंद. ओढाताण नाही. रोलर उलटे फिरवून हात काढायचा विचार तर नाहीच, त्याने तीच जागा पुन्हा घासली जाते.

मशीन चालवताना बाही कोपराच्या वर, केस बांधलेले, अंगठी-बांगडी-घड्याळ काढलेलं, गळ्यात लोंबणारं काही नाही. मुलं त्या खोलीत नाहीत. सोडून कुठे जायचं असेल, अगदी दारापर्यंत, तरी रोलर बंद.

पहिलं धुणं

मशीन आणि शेजारी खळबळण्याचे दोन टब मांडा. दोनच हवेत असं नाही, पण एकाच टबात साबण नीट निघत नाही. मोठ्या मशीनच्या टबात 60 लिटरच्या आसपास पाणी मावतं. आत पातळीची खूण असते, तिच्यावर जाऊ नका. आधी गरम पाणी, मग साबणाची पावडर, मग एक मिनिट ॲजिटेटर चालवून ती विरघळू द्या आणि त्यानंतरच कपडे टाका. ॲल्युमिनियमच्या टबात धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक असलेलं काही घालू नका, धातू काळा पडतो आणि खड्डे पडतात.

कपडे सुटे सुटे टाका. तीन-साडेतीन किलो कोरडे कपडे पुष्कळ झाले. ते पाण्यात गोल फिरून खाली जाऊन परत वर येताना दिसले पाहिजेत. नुसते जागच्या जागी हलत असतील तर खेप जास्त झाली, दोन कपडे काढा.

खेपांचा क्रम ठरलेला असतो, कारण पाणी तेच राहतं: आधी पांढरे, मग फिके रंग, मग गडद, सर्वांत शेवटी कामाचे मळकट कपडे. पाणी हळूहळू थंड होत जातं तेही या क्रमाला सोयीचंच. साध्या मळाला पाच ते सात मिनिटं पुरतात, फार मळलेल्यांना दहा. जास्त वेळ चालवून कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फक्त झिजतात. दोन खेपांच्या मध्ये थोडी पावडर वाढवा.

मग पिळणं. रिंगरच्या वरच्या मोठ्या स्क्रूने दाब जुळवतात: पातळ कपड्यांना जास्त, जाड कपड्यांना कमी. कपडा पाण्यातून काढून त्याची एक कड सपाट पसरून रोलरांच्या तोंडाशी न्या. रोलरने कड पकडली की हात मागे घ्या. पुढचं ढकलायचं असेल तर लाकडी काठी वापरा. बटणं आणि चेन आतल्या बाजूला दुमडून घ्या, हुक असलेले कपडे उलटे करा. उशीच्या अभ्र्याची बंद बाजू आधी घाला. उघडी बाजू आधी गेली तर हवा आणि पाणी आत कोंडतं आणि शिवण उसवते. चादर लांबीत दुमडून एका कोपऱ्याने सुरुवात करा. कपडा एकाच बाजूला गोळा होऊ देऊ नका, सगळ्या रोलरभर पसरून जाऊ द्या. लोकर, फोम भरलेलं, प्लास्टिकचा थर असलेलं काहीही रोलरमधून काढायचं नाही.

एखादा कपडा रोलरभोवती गुंडाळला गेला तर सुटका-पट्टी दाबा, लिव्हर बंदवर आणा, मोटर थांबवा, आणि मगच हाताने उलगडा.

साबणाच्या टबातून पिळून पहिल्या पाण्यात, तिथून पिळून दुसऱ्या पाण्यात, तिथून पिळून वाळत. नीळ घालायची असेल तर ती दुसऱ्या पाण्यात. प्रत्येक वेळी रिंगर वळवून खिटी बसल्याचा आवाज ऐका. न बसलेला रिंगर कपड्याच्या ओढीने फिरतो. खालची पन्हळ पाणी ज्या टबात परत जायला हवं त्याच बाजूला झुकली आहे ना, तेही बघा, नाहीतर मळकं साबणपाणी खळबळण्याच्या टबात जाईल.

पहिल्या दिवशी कपडे हातात आल्यावर ते बऱ्यापैकी कोरडे लागतील, पण घड्या कडक पडलेल्या असतील. वाळत घालताना चांगले झटकून घाला.

काम संपल्यावर

सगळ्यात आधी रोलरवरचा दाब सोडा. बाकी एखाद्या वेळी राहून गेलं तरी चालेल, हे नाही. मग पाणी सोडा. पंप असेल तर शेवटी एक बादली स्वच्छ पाणी त्यातून जाऊ द्या, दोऱ्यांचे पुंजके आत राहिले तर पुढच्या वेळी पंप अडेल. ॲजिटेटर काढून धुवा, टब पुसा, झाकण उघडं ठेवा. रोलर साबणपाण्याने पुसून कोरडे करा आणि उन्हापासून दूर ठेवा. रोलरला तेल, ग्रीस किंवा पेट्रोल लागू देऊ नका. काही महिने मशीन वापरायचं नसेल तर पट्टा सैल करा, उघड्या लोखंडी दांड्यांना हलकं तेल लावा, आणि अधूनमधून चाकी हाताने चार-पाच वेळा फिरवून गिअरांवर तेल चढू द्या.